बाड्यावरची बेडई आणि बाघचे भिक्षू

ग्वाल्हेरला पाहुणे आले की आम्ही त्यांना दोन ठिकाणी हमखास नेतो. किल्ला दाखवतो आणि महाराज बाड्यावर खाऊ घालतो. पाहुणे खूश होऊन परत जातात आणि आम्हालाही कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. पण किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालात, एक तिसरी जागा आहे. तिथे आम्ही पाहुण्यांना क्वचितच नेतो आणि स्वतः तर त्याहून क्वचित जातो. तिथल्या संग्रहालयात एका बौद्ध विहाराच्या भिंतींवरची चित्रे मांडलेली आहेत. मूळ विहार इथून शेकडो कोस दूर, विंध्याच्या दक्षिण उतारावर, आजच्या धार जिल्ह्यातल्या बाघ गावाजवळ आहे. त्या भिंती ग्वाल्हेरला कशा आल्या, कोणी आणल्या, आणि आपल्या मराठी मंडळींचा त्यात काय वाटा होता, हे स्मरणिकेच्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेख. यात एका दिवसाच्या सहलीचा आराखडाही आहे. सकाळी बाड्यावर न्याहारी, मग गुजरी महाल, तिथून किल्ल्याची चढण, आणि संध्याकाळी पुन्हा बाडा. सोमवार मात्र टाळावा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.

सकाळ: बाडा

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेची छावणी टाकली. ती छावणी पुढे उठलीच नाही. तंबूंच्या जागी घरे आली, घरांपुढे बाजार आले, आणि शहराच्या त्या भागाचे नावच लष्कर पडले. जनकगंज, दौलतगंज, माधवगंज, शिंदे की छावनी, फालका बाजार, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ ही नावे नुसती ओळीने म्हटली तरी शिंदेशाही दरबाराची हजेरी घेतल्यासारखे वाटते. या वस्तीच्या मधोमध महाराज बाडा. आपल्या 'वाड्या'चेच हे इथले रूप. कागदोपत्री नाव जयाजी चौक, पण रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नाही.

चौकाभोवती गोरखी, टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट ऑफिस, बँक आणि जुना छापखाना अशा इमारती उभ्या आहेत. प्रत्येकीची धाटणी वेगळी. कुठे राजपूत कमानी, कुठे युरोपी खांब. यात सर्वांत जुने महत्त्व गोरखीचे. जयविलास राजवाडा १८७४ मध्ये उभा राहण्याआधी राजघराण्याचे वास्तव्य इथे होते. शिंद्यांचे देवघर आजही इथेच आहे. महादजी शिंद्यांनी बीडचे सूफी संत मन्सूरशाह यांना गुरू मानले होते, आणि त्या गुरुस्थानाचा मान घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राखला. देव आपला आणि गुरू सूफी, यात ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कधी अडचण वाटली नाही. पुढे आपण ज्या बौद्ध चित्रांकडे जाणार आहोत त्यांच्यावर मराठी संस्थानाने खर्च का केला असावा, याचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

आता खाण्याकडे वळू. बाड्यावरची सकाळ बेडईची. डाळीचे सारण भरलेली, खमंग तळलेली पुरी, सोबत बटाट्याची पातळ तिखट भाजी, आणि हे सगळे द्रोणात, उभ्याने. तोंड भाजले की जिलबी. आमच्या घराघरांत न्याहारीला पोहे होतात ते निराळे. बेडई बाड्यावर जाऊनच खायची. जवळच नया बाजारात बहादुरा यांचे साजूक तुपातले लाडू मिळतात. अटलबिहारी वाजपेयी गोरखीच्या शाळेत शिकले आणि या लाडवांची त्यांची आवड पंतप्रधान झाल्यावरही कमी झाली नाही, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. हिवाळ्यात आलात तर गजक घ्या. तीळ भाजायचे, गुळाचा किंवा साखरेचा पाक ओढून ओढून पांढरा करायचा आणि दोन्ही एकत्र करून मोगरीने कुटायचे. सामग्री आपल्या तिळगुळाचीच, हात मात्र चंबळचा.

दुपारच्या आत: गुजरी महाल

बाड्यावरून रिक्षाने किलागेटला यावे. किल्ल्यात शिरता शिरता पायथ्याशीच गुजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) याने आपल्या गुर्जर राणीसाठी, मृगनयनीसाठी तो बांधला. त्याच महालात आज पुरातत्त्व संग्रहालय आहे. ते ज्यांनी उभे केले त्यांचे नाव आपल्या मंडळींना पाठ असायला हवे: मोरेश्वर बळवंत गर्दे. ग्वाल्हेर संस्थानाने १९१३ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते काढले आणि ते गर्द्यांच्या हाती दिले. त्या वेळचे संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हे. मुरैन्यापासून उज्जैन, मंदसौर आणि थेट विंध्यापलीकडे अमझेऱ्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरलेला प्रदेश. बेसनगर, पवाया, उदयगिरी, ग्यारसपूर अशी स्थळे त्यात येत. गर्द्यांनी त्यांची पाहणी केली, काही ठिकाणी उत्खनन केले, देवळे सावरली, आणि उघड्यावर पडलेल्या मूर्ती ग्वाल्हेरला आणल्या. १९२२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. ग्यारसपूरची शालभंजिका पाहायला देशोदेशीचे लोक इथे येतात.

बाघच्या गुहाही संस्थानच्याच हद्दीत होत्या. एकूण नऊ गुहा, सगळ्या बौद्ध विहार. गावकरी त्यांना पांडवांच्या गुहा म्हणत. १८१८ मध्ये लेफ्टनंट डेंजरफील्ड याने त्यांची पहिली माहिती बाहेर आणली. चवथ्या गुहेला तिथे 'रंगमहाल' म्हणतात. तिच्या आणि शेजारच्या पाचव्या गुहेच्या पुढे मिळून सुमारे २२० फूट लांबीची ओसरी होती आणि तिच्या मागच्या भिंतीवर रांगेने चित्रे होती. काळ अजिंठ्याच्या बहराचाच, म्हणजे इसवी सनाच्या ५व्या-६व्या शतकाचा. पण अजिंठ्याचा दगड कणखर, बाघचा दगड ठिसूळ वालुकाश्म. त्यात मातीचे थर आणि पाण्याचा झिरपा. ओसरीचे खांब ढासळले, छत खाली आले आणि चित्रे उन्हापावसात उघडी पडली. जे आत होते ते ओलीने आणि धुराने काळवंडले. १९२०च्या सुमारास स्पष्ट झाले की मूळ चित्रे फार काळ टिकणार नाहीत.

तेव्हा माधवराव शिंदे गादीवर होते. निर्णय असा झाला की चित्रे पूर्ण नाहीशी होण्याआधी त्यांच्या हुबेहूब नकला करून घ्याव्यात. १९२१ मध्ये शांतिनिकेतनाच्या वर्तुळातले नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांना बोलावणे गेले. बोस आणि हालदार यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्याची चित्रे उतरवली होती, त्यामुळे अशा कामाचा सराव त्यांना होता. या तिघा बंगाली चित्रकारांबरोबर भोसले, आपटे, भांड आणि जगताप हे आपले चित्रकारही होते. बंगाल्यांची नावे कलेच्या प्रत्येक पुस्तकात सापडतात. या चौघांची नावे आमच्या घरांतही कोणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिली.

पुढे लंडनच्या इंडिया सोसायटीने १९२७ मध्ये बाघ गुहांवरचा मोठा ग्रंथ काढला. त्यात सर जॉन मार्शल यांच्यासारख्यांच्या लेखांच्या जोडीला गर्द्यांचाही लेख होता. पण ज्यांच्या कारकिर्दीत हे काम झाले ते माधवराव तो ग्रंथ पाहू शकले नाहीत. १९२५ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले होते.

त्या नकला आज गुजरी महालात आहेत. दालनात शिरल्यावर घाई करू नये. एका चित्रात एक स्त्री तोंड झाकून रडते आहे आणि दुसरी तिचे सांत्वन करते आहे. कशासाठी रडते, हे चित्र सांगत नाही. दुसऱ्यात चौघे जण बसून काही विचारविनिमय करत आहेत. पुढे घोडेस्वारांची आणि हत्तींची मिरवणूक. आणि मध्ये ते दृश्य, ज्यापुढे आमच्या बायकामंडळींनी हमखास थांबावे: एका नर्तकाभोवती स्त्रिया फेर धरून नाचत आहेत, कोणाच्या हाती टाळ, कोणाकडे ढोलके, आणि काही जणींच्या हातांत चक्क टिपऱ्या. अभ्यासक या नाचाला हल्लीसक म्हणतात. गणपतीच्या मिरवणुकीत टिपऱ्या खेळलेल्या मुलीला हे नाव ठाऊक नसले तरी ताल ओळखू येईल.

नकलेला आपण सहसा कमी लेखतो. इथे मात्र परिस्थिती उलटी आहे. बाघच्या भिंतींवर जे थोडे उरले होते तेही नंतर भिंतीपासून सोडवून काढावे लागले. १९२१ मध्ये जे दिसत होते त्यातले बरेच आज फक्त या नकलांतच दिसते. अर्थात नकलाही अमर नसतात. रॉबर्ट गिल याने अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी पुन्हा सगळे काम केले, तर त्यातल्या कितीतरी नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. आग लांबच राहते असे नाही. आपल्या बाड्यावरचे व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये डोळ्यांदेखत जळाले. ती इमारत पुन्हा उभी राहिली आणि तिथे आता भूविज्ञानाचे संग्रहालय आहे. दुकानांतला माल आणि वह्या मात्र परत आल्या नाहीत.

एक ताम्रपट

चित्रांच्या नकला झाल्यावर सात-आठ वर्षांनी, १९२९ मध्ये, बाघच्या दुसऱ्या गुहेतला राडारोडा उपसताना एक ताम्रपट सापडला. तो माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी शकाच्या लेखांचा जो ग्रंथ १९५५ मध्ये सिद्ध केला त्यात त्याचे वाचन आहे. ताम्रपट ५व्या शतकातला मानला जातो. या विहाराचे नाव 'कलयन' होते, ते याच पत्र्यावरून कळले.

राजाने त्यात एक गाव विहाराला दान दिले आहे. ते कशासाठी, याची यादी वाचताना वाटते की एखाद्या आजच्या मंडळाचे अंदाजपत्रकच समोर आहे. बुद्धाच्या पूजेसाठी गंध, धूप, फुलांच्या माळा आणि नैवेद्य. सत्र, म्हणजे अन्नदान. विहाराचा मोडका-तुटका भाग दुरुस्त करणे. आणि चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंसाठी वस्त्र, भोजन, अंथरूण, आजाऱ्याची शुश्रूषा आणि औषधपाणी. चित्रे कोणी काढली, रंग कोठून आणले, याचा त्यात शब्द नाही. गावाचे उत्पन्न येत राहील तोवर भिक्षू जेवतील, भिक्षू राहतील तोवर कोणी तरी भिंती झाडील, आणि भेग पडली तर बुजवील, असा तो सरळ हिशेब होता. पुढे भिक्षू गेले, सत्र थांबले, दुरुस्ती थांबली, आणि डोंगरातले पाणी मात्र झिरपत राहिले.

या ताम्रपटाची आठवण ठेवून वर किल्ल्यावर चढावे.

दुपार: किल्ला

गुजरी महालाकडून वर जाताना गणेश दरवाजा लागतो. तिथे हात जोडून पुढे निघाले की लक्ष्मण दरवाज्याच्या अलीकडे खडकात कोरलेले छोटेसे चतुर्भुज मंदिर आहे. जगभरचे गणिती हे देऊळ पाहायला येतात, कारण इथल्या ८७६ मधल्या शिलालेखात आकड्यांत शून्य लिहिलेले आहे. विद्यार्थी शून्य पाहून फोटो काढतात. पण तो आकडा आहे कशाचा? देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि त्या बागेतून देवाला रोज ५० माळा. प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळातला हा लेख म्हणजेही देवळाचा रोजचा खर्च भागवण्याची व्यवस्था. शून्य आपल्या हाती आले ते माळांचा हिशेब कोणी तरी चोख ठेवला म्हणून. बाग आता नाही, माळाही नाहीत.

वर पोहोचेतो भूक लागलेली असते. जेवायला दाता बंदीछोड गुरुद्वाऱ्यात जावे. जहांगीराने गुरू हरगोबिंद यांना या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सुटका झाली तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर ५२ राजांनाही सोडवले, अशी शीख परंपरा सांगते. इथे लंगर चालू असतो. डोक्यावर रुमाल बांधून पंगतीत बसावे, डाळ-रोटी खावी, आणि जमले तर थोडा वेळ भांडी घासायला हात लावावा. सुबंधूच्या ताम्रपटातला 'सत्र' हा शब्द सकाळी वाचलेला असेल तर त्याचा अर्थ इथे ताटात दिसतो. चारी दिशांनी आलेल्या कोणालाही जेवू घालायचे, एवढाच तो अर्थ. बाघमध्ये जे थांबले ते इथे चालू आहे, आणि म्हणूनच हे स्थान जिवंत आहे.

उतरताना उरवाई दरीच्या बाजूने यावे. कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती तोमर राजांच्या काळातल्या, १५व्या शतकातल्या. १५२८ मध्ये ग्वाल्हेर पाहिलेल्या बाबराने त्या फोडण्याचा हुकूम दिल्याचे त्याच्याच आठवणींत आहे. चेहरे फोडले गेले. नंतरच्या काळात जैन समाजाने त्यातल्या कितीतरी मूर्तींचे चेहरे पुन्हा घडवले. जुळणी नीट पाहिली तर कळते, पण मूर्ती पुन्हा पाहणाऱ्याकडे बघते आहे.

संध्याकाळ: पुन्हा लष्कर

एवढे फिरून झाल्यावर बाड्यावर चाट, कचोरी, मंगोडे जे आवडेल ते घ्यावे. कष्टाचे पोट आहे, कोणी काही म्हणणार नाही. तेवढ्यात मंडळाच्या वाचकांपुढे एक विचार मांडतो.

लष्करातल्या मराठी घरांची स्थिती आपण सगळे जाणतो. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. जुने वाडे विकले जात आहेत किंवा पाडले जात आहेत. वाडा रिकामा करताना माळ्यावरचे गाठोडे खाली येते. त्यात मोडी कागद असतात, दरबारच्या सनदा असतात, आजोबांच्या हातच्या हिशेबाच्या वह्या असतात, आजीची पाककृतींची वही असते, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या आराशीची छायाचित्रे असतात. मोडी वाचता येणारे माणूस घरात नसते. गाठोडे रद्दीत जाते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही, असे गाठोडे गेलेली घरे आमच्या परिचयाची आहेत आणि आपल्याही असतील.

गर्द्यांनी आणि त्या सात चित्रकारांनी बाघला जे केले ते आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. मूळ वस्तू टिकवणे प्रत्येक वेळी शक्य नसते, पण ती असेपर्यंत तिची नक्कल करता येते. आज त्यासाठी गुहेत मुक्काम करावा लागत नाही, खिशातला फोन पुरतो. दोन नकला कराव्यात आणि त्या दोन वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या आगींचा धडा तेवढाच आहे. छायाचित्राच्या मागे नावे, गल्ली आणि साल लिहावे. नावाशिवायच्या फोटोला तिसऱ्या पिढीत कोणी ओळखत नाही.

आणि दुसरी गोष्ट सुबंधूकडून शिकण्यासारखी. आपल्या मंडळाचा महाप्रसाद कधी चुकत नाही. का? कारण जमाखर्चात त्याची ओळ ठरलेली आहे. वर्गणी कमी आली तर एक गोड पदार्थ कमी होतो, पण पंगत होते. तशीच एक छोटी ओळ कागदपत्रांच्या जतनासाठी दरवर्षी असावी. रक्कम किती, याला महत्त्व नाही. ती पुढच्या वर्षीही असेल, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, याला महत्त्व आहे. मोडी शिकवणारा एक वर्ग, एक कपाट, कागद ठेवायला कोरडी जागा, एवढ्यापासून सुरुवात होईल.

येत्या हिवाळ्यात एखाद्या रविवारी मंडळातर्फे मुलांना याच वाटेने न्यावे, अशी कार्यकारिणीला विनंती आहे. सकाळी बेडई, दुपारी लंगर, येताना गजक, म्हणजे मुले आनंदाने येतील. मध्ये अर्धा तास गुजरी महालात टिपऱ्या खेळणाऱ्या त्या स्त्रियांपुढे उभे करावे आणि भोसले, आपटे, भांड, जगताप ही चार नावे त्यांच्याकडून मोठ्याने म्हणून घ्यावीत.

सर्व वाचकांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!